भाऊजींनी दिलेला कॉम्प्युटर

मंगळवार, निरगुडसर

संध्याकाळी फायरवॉलची पुन्हा तीच सूचना. अनोळखी प्रोग्राम बाहेर काहीतरी पाठवतोय, परवानगी द्यायची का? नाव शोधलं, तर तो कॅमेऱ्यातलं चित्र दुसरीकडे दाखवणारा निघाला. हा कॉम्प्युटर पुण्याच्या भाऊजींनी दिलेला. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या खोलीत त्यांनीच बसवलेला. लगेच त्यांना फोन केला.

“वहिनी, तुमी आईला नीट बघता का न्हाई, आमाला कसं कळणार?”

इतकी वर्षं आईंचं हागणं-मुतणं मी काढते. आणि हे?

रागानं ‘ब्लॉक’ दाबलं. थोड्या वेळानं भाऊजींचाच फोन. “बंद का केलं? काय लपवायचंय?”

नंतर आईंना पेज भरवताना नजर कॅमेऱ्याकडे जात होती. मी काही वाईट केलंय का? नाही ना? मग उठून ‘परवानगी द्या’ का दाबलं मी?