बारा बाटल्यांची मांडणी

मंगळवार, ८ जानेवारी २०१९

हो म्हणून बसले! विचारसुद्धा न करता.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत श्रीधर सरांनी विचारलं, "शकीला, तुझे वडील सुतारकाम करतात ना? नव्या फ्लॅटसाठी वाइनचा रॅक हवाय. सागवानी. बारा बाटल्यांचा." आणि मी लगेच, "हो सर, देतील की करून."

डोक्यात एवढंच आलं, की अब्बांना काम मिळेल. दिवाळीपासून दुकानात रंध्याचा आवाज नाही. स्टुलावर बसून रस्ता बघत असतात. म्हणतात, "लोकांना आता तयार फर्निचर लागतं. हुसेन मिस्त्री कुणाला हवाय?"

खराडीहून घरी येताना बसमध्ये भान आलं, रॅक कशाचा ते. अब्बा पाच वेळचे नमाजी. आणि मी त्यांच्या नावावर दारूच्या बाटल्यांचं काम घेऊन चाललेय.

सांगायला तोंड नाही. न सांगता करून घेणं तर त्याहून वाईट.

बुधवार, ९ जानेवारी

सांगितलं.

घरी आम्ही दखनीत बोलतो, पण पुढच्या खोलीत, म्हणजे दुकानात, अब्बा माझ्याशीसुद्धा मराठीच. हत्यारांना तीच भाषा कळते म्हणे.

वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. आपल्या हातांकडे बघत राहिले. मग उजवा हात सदऱ्याच्या खिशात घालून म्हणाले, "दारूच्या सामानाला मी हात लावणार नाही."

"मग उद्या सरांना नाही सांगते."

"शब्द दिलास?"

"दिला."

"माझ्या नावानं?"

मी मान डोलावली.

"मग मोडायचा कसा? तू कर."

मी! घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. कॉलेजात घालताना अब्बांनीच सांगितलं होतं— ह्या हातात पेन राहू दे, पटाशी नको.

"मी इथं बसून सांगीन. सांगण्यात हात लागत नाही."

पण सांगण्याचा गुनाह लागत असेल तर? तो कुणाच्या नावावर? माझ्याच असणार. असू दे.

शुक्रवार, ११ जानेवारी

मापासाठी सरांनी रिकामी बाटली दिली. शेजारच्या टेबलावरच्या मैनानं ती वर्तमानपत्रात गुंडाळली. हसून लोळायची बाकी राहिली होती— "माझ्या मावशीच्या गावात बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, दुकानाला टाळं लावलं. आणि इकडे आडव्या बाटलीला सागवानी पलंग!"

बसमध्ये प्रत्येक खड्ड्याला बाटली डब्यावर टण्ण. शेजारच्या बाई म्हणाल्या, "तेल का?" हो म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? पण तोंडातून खोटं निघतच नाही. "नाही. रिकामी आहे." मग कसब्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी तीनदा धुतली. अम्मी म्हणाली, "किती घासतेस? आता नुसती बाटली आहे ती. काम झालं की मला दे, लोणच्याचा सिरका ठेवीन."

रविवार, १३ जानेवारी

सुरुवात. जुन्या दाराच्या सागवानी फळ्या अब्बांनी जपून ठेवल्या होत्या, त्या काढायला सांगितल्या. माझं चित्र मिलिमीटरमध्ये. अब्बांचं माप सुतात— एका इंचाची आठ सुतं. तासभर नुसतं भाषांतर!

चित्र बघून म्हणाले, "आडव्या ठेवायच्या ना? मग मान एक सूत खाली. बूच ओलं राहिलं पाहिजे. सुकलं की हवा शिरते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"लाकूड सुकलं की काय होतं ते मला माहीत नाही?"

रंधा मारताना सारखा अडकत होता. "बाई, लाकूड विंचरायचंय, खरवडायचं नाही. केस बघ कुठल्या बाजूला जातात." दुपारनंतर एक लांब, अखंड ढलपी निघाली. वहीत ठेवलीय.

सोमवार, १४ जानेवारी

कीबोर्डवर बोटं उचलत नाहीत. मैना सकाळपासून "काय मिस्त्री?" म्हणतेय.

रविवार, २० जानेवारी

तीन पट्ट्या आखूड! बरोबर रेघेवरून कापल्या आणि तिन्ही गेल्या. जुनं सागवान, आता कुठून आणायचं? रडू आलं.

अब्बा शांत. "रेघेवरून कापायचं नसतं. रेघेच्या बाहेरून कापायचं. काम संपल्यावर रेघ राहिली पाहिजे. रेघ गेली तर तू कुठं चुकलीस ते तुला कोण सांगणार?"

पुन्हा कापायला बसले. करवत वाकडी जायला लागली तेव्हा अब्बा स्टुलावरून अर्धे उठले, हात पुढे केला— आणि मागे घेतला. परत खिशात. किती जीव तुटत असेल! पण नियम म्हणजे नियम. हे सगळं माझ्या एका 'हो'मुळे.

अम्मीनं चहा आणला. अब्बांना हल्ली अर्धाच कप लागतो. पित्त होतं म्हणे.

शनिवार, २६ जानेवारी

सुट्टी. अर्धचंद्र पाडले!

प्रत्येक पट्टीत बाटली बसायला अर्धगोल खाचा हव्या होत्या. मी कागदावर आखत बसले होते. अब्बा म्हणाले, "अर्धं कापायला जाऊ नकोस. दोन पट्ट्या कडेला कड लावून शिकंज्यात आवळ. मधोमध पुरता गोल पाड. मग सोडव." ड्रिलला गोल पातं लावून पाडला, शिकंजा सोडला— दोन चंद्र! तंतोतंत सारखे. मी ओरडलेच. अब्बा हसले. दिवाळीपासून पहिल्यांदा.

अख्ख्या दिवसात एकदाही वाटलं नाही, की मी काही पाप करतेय. आत्ता लिहिताना वाटतंय.

रविवार, २७ जानेवारी

पॉलिश झालं. बाटली ठेवून बघितली— मान एक सूत खाली, बरोबर!

शेजारचे मच्छिंद्रकाका टोपली विणता विणता डोकावले. "हुसेन, पोरीला राबवतोस आणि स्वतः नवाबासारखा बसतोस?"

मी म्हटलं, "काका, बाटल्यांचं काम आहे. अब्बा हात लावत नाहीत."

काका हसायलाच लागले. "हा? अगं, कँपातल्या पारशीणबाईंचं दारूचं कपाट ह्याच दुकानातून गेलं. वर द्राक्षाचा वेल कोरला होता ह्यानं, महिनाभर लागला होता! सगळी गल्ली बघायला आली होती."

"मच्छिंद्र, तुझी टोपली उसवतेय," अब्बा म्हणाले आणि आत गेले.

म्हणजे दारूचं काम चालतं. माझंच चालत नव्हतं? तीन आठवडे मी दुआ मागत होते, माफी मागत होते! की न विचारता शब्द दिला म्हणून शिक्षा? विचारायचं धाडस नाही. पण राग आलाय. लिहिते, कारण खरं आहे.

मंगळवार, २९ जानेवारी

रिक्षात मांडीवर घेऊन रॅक पोचवला. सर म्हणाले, "वा! वडिलांचा हात काय सफाईदार आहे!" मला गप्प बसवेना. "सर, हात माझा आहे. बाकी सगळं त्यांचं."

घरी अब्बांनी तीनदा विचारलं, काय म्हणाले. तीनदा सांगितलं. राग थोडा उतरला.

रविवार, ३ फेब्रुवारी

अब्बा दुपारच्या नमाजाला गेले होते. दुकान झाडताना फळ्यांच्या मागे एक पांढऱ्या देवदाराची फळी सापडली. तिच्यावर पेन्सिलीच्या वीसेक सरळ रेघा आणि प्रत्येक रेघेशी करवतीचा एक काप. वाकडा, थरथरलेला. काही जुने, काळवंडलेले. काही ताजे, भुसा अजून तसाच. एकही रेघ अखंड राहिलेली नाही.

मला वाटलं, माझ्याच चुका. पण मी देवदार कापलंच नव्हतं.

अर्धा कप चहा. खिशातला हात.

फळी होती तशी मागे ठेवली.

अब्बा आले. चहा दिला, अर्धा कप. म्हटलं, "अब्बा, सरांच्या मित्रालाही रॅक हवाय. वाइनचाच. तुम्हाला हात लावता यायचा नाही."

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. "किती बाटल्यांचा?"

"चोवीस."

असा कुणी मित्र नाही.