राजाची खुर्ची धाकटीला

मी, महाविद्यालयात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली बाई, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असं वकीलसाहेब म्हणाले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. कोणी आणू पाहील तर त्याला मी बघून घेईन.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलीला द्यावी. पुस्तकांचं कपाट तिने हलवू नये. मागे ओल आहे.

२. परीक्षेची सगळी गाइडं आमच्या माजी प्राचार्यांना. "बाई, विषयवस्तू, प्रतिमा, उपरोध, एवढं पाठ करून घ्या. नाटक कसलं वाचत बसता?" असं ते म्हणत. गाइडं कोरी करकरीत आहेत. त्यांनी खुशाल पाठ करावीत.

३. बाहेरच्या खोलीतली हातांची खुर्ची. हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

इंग्रजांच्या एका राजाचं ऐतिहासिक नाटक मी आयुष्यभर शिकवलं. थोरला भाऊ राजा. धाकटा हद्दपारीतून परत येतो आणि मुकुट घेतो. माझी धाकटी बहीण आणि मी ते मोठ्याने वाचायचो. राजा वाचेल तिने या खुर्चीत बसायचं, दुसरीने उभं राहायचं, अशी आमची पद्धत. थोरली म्हणून राजा कायम मी.

नाटकाचा विषय सत्ता आणि मुकुट हे प्रतीक, असं मी म्हणायची. एकदा धाकटी म्हणाली, "ताई, मुकुटाचं राहू दे गं. त्या धाकट्या बिचाऱ्याला कोणी बस तरी म्हणतं का?"

"पेपरात असलं लिहिलंस तर भोपळा मिळेल," मी म्हणाले. तिने पुस्तक मिटलं आणि तडक निघून गेली. तेव्हापासून फोनवर फक्त तब्येतीची चौकशी.

परवा खुर्ची कोणाला द्यावी या विचारात असताना मी पहिल्यांदाच धाकट्या भावाचं काम वाचलं, तेही पद्धतीप्रमाणे उभ्याने. दुसऱ्या अंकातच गुडघे बोलायला लागले. म्हटलं, हा बसतो कुठे ते तरी बघू. रंगसूचना धुंडाळल्या. अहो, मुकुट मिळेपर्यंत तो कुठेच बसत नाही! राजा सगळ्यांना बसवतो, ह्याला सोडून. मग ह्याला हवा होता तो मुकुट की जागा? लिहिणाऱ्याने हे मुद्दाम केलं, की सहज झालं? मला चैन पडेना. हे बोलायचं तर धाकटीशीच, आणि तिची फार आठवण येते.

म्हणून खुर्ची तिला.

४. हे कलम सर्वांसमक्ष लिहीत आहे. साक्षीदार म्हणून येतेस का, असं मी धाकटीला फोनवर विचारलं आणि ती आली. वकीलसाहेबांनी तिला बजावलं, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही करा, नाहीतर खुर्ची घ्या."

"सही करते. खुर्चीसाठी हिच्या मरणाची वाट कोण बघणार?" धाकटी म्हणाली. मग वरचं कलम वाचून माझ्याकडे वळली. "आणि काय गं ताई, मुकुट मिळाल्यावर तरी तो बसतो, असं कुठे लिहिलंय?"

हे मी पाहिलंच नव्हतं. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून वाचणं आलं.

सबब कलम ३ रद्द. खुर्ची आजच दिली.

स्थळ: आमची बाहेरची खोली
दिनांक: आजचा, गुरुवार

साक्षीदार:
शेजारचे डॉक्टर
धाकटी (खुर्चीत बसून)

लिहून देणार:
ताई (उभ्याने)