उजव्या कानामागे

८ जानेवारी
अण्णांनी आज टोपी काढली. घरात नाही, दवाखान्यात, डॉक्टर मॅडमच्या टेबलासमोर. उशीवर रक्ताचा डाग दिसला म्हणून मीच ओढत नेलं होतं. वाटलं, कुठे खरचटलं असेल.
सव्वीस वर्षांत बापाचं डोकं पाहिलं नव्हतं. अंघोळीहून टॉवेल गुंडाळून येणार, झोपताना कानटोपी, भर उन्हाळ्यात पण. सवय असते एकेकाची म्हणून आपण सोडून देतो.
गाठी. गुलाबी, गुळगुळीत, एकीला एक चिकटून. दोन सीझन द्राक्षाच्या पॅकिंगला होतो, त्यामुळे घडच आठवला. नको होता आठवायला.
“कधीपासून?”
“तिशीपासून.”
“घरात कोणाला माहीत होतं?”
“याच्या आईला. ती आता नाही.”
हे सगळं माझ्याकडे न बघता.

२० जाने.
गाठीचा तुकडा तपासला. एक गाठ बिघडली आहे. ऑपरेशन: डोक्यावरची कातडी काढायची, मांडीची लावायची. लवकर. मॅडम म्हणाल्या, आधी डोकं पूर्ण भादरावं लागेल.
अण्णा: “तेवढं सोडून बोला.”
मॅडमना गंमत वाटली. मला नाही वाटली. मी बाहेर येऊन पार्किंगमध्ये उभा राहिलो.
आजोबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा. दहाव्याला रामकुंडावर सगळे बसलेले, काकाचं डोकं अर्धं झालेलं, आणि अण्णा म्हणाले, मी करणार नाही. गुरुजी समजावून थकले. काका तेव्हापासून घरी आला नाही. आणि मी? मी ही गोष्ट मनालीच्या ढाब्यावर सांगितली, गोकर्णला सांगितली, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांना सांगितली. माझा बाप सगळ्यांसमोर नाही म्हणाला! कॉलेज सोडताना हेच बळ. आई गेली तेव्हा मीपण डोकं केलं नाही. अण्णांनी पाठीवर थाप मारली होती.
आता ते सगळं…
विचारलं नाही. काय विचारणार.

३ फेब्रुवारी
रक्ताचा रिपोर्ट आला अण्णांचा. जनुकातला दोष, जनुकाचं नाव सीवायएलडी. मॅडमनी कागदावर घराणं काढलं, बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. आजीच्या गोलाशी थांबल्या. आजीचा पदर कायम कपाळापर्यंत. आम्ही म्हणायचो, किती जुन्या वळणाची.
माझा चौकोन रिकामा ठेवला. निम्मी शक्यता. “तुमचंही रक्त देऊन जा.” हो म्हणालो. अण्णांच्या गोळ्या आणायला खाली उतरलो तो परत वर गेलोच नाही.
घरी आरशात. उजव्या कानामागे तुरीच्या डाळीएवढं काहीतरी आहे. की आधीपासूनच होतं?

४ फेब्रु.
सायलीकडे गेलो. फर्स्ट इयरला एका बाकावर. मी पळालो, ती शिकली, आता गंगापूर रोडच्या एका कॉलेजात प्रॅक्टिकल घेते. तिने रिपोर्ट दोनदा वाचला, मग लॅपटॉप उघडला. समजलं तेवढं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या विसरेन.
पेशी प्रथिनांवर युबिक्विटिन नावाच्या बारक्या प्रथिनाच्या साखळ्या लावते. कड्या त्याच, पण सांधे वेगळे, त्यावरून निरोप वेगळा. एका प्रकारचा सांधा म्हणजे हे प्रथिन मोडीत काढा. दुसऱ्या प्रकारचा म्हणजे चालू ठेवा, वाढा, मरू नका. या साखळ्या काढणारी एन्झाइम्स असतात. त्यांतल्या एका कुळाचा आकार उजव्या हातासारखा. अंगठा, तळवा, बोटं. (सा.: “माझी कविता नाही, शास्त्रज्ञच असं म्हणतात.”)
त्या जनुकातून बनणारं आमचं सीवायएलडी याच कुळातलं, पण बोटं आखूड. भाऊबंद बोटांनी कडी पकडतात, याला तसं जमत नाही. पण त्याचा एक वळसा इतरांपेक्षा लांब आहे. त्यामुळे सरळ ताणलेली साखळी बरोब्बर बसते आणि सांधा नेमका कापायच्या जागी येतो. घडी पडलेली, गोळा झालेली साखळी बसतच नाही. ती हा हात सोडून देतो.
“म्हणजे चाचपून ओळखतो.”
“आकार हीच ओळख. डोळे कुठून आणणार?”
अण्णांच्या प्रथिनाला मध्येच पूर्णविराम पडलाय. हात शेवटच्या भागात असतो, तो बनतच नाही. दुसऱ्या पालकाकडून आलेली जनुकाची प्रत भागवून नेते. एखाद्या पेशीत तीही गेली की ‘वाढा’चा निरोप खाली उतरवायला कोणी नाही. गाठ.
स्क्रीनवरचा तो हात बघत बसलो. फिरवला की मागून दिसतो. किती वेळ फिरवत होतो कोण जाणे.
“हे सेकंड इयरला असतं. तू कुठे होतास तेव्हा?”
“हंपीत. सायकलची पंक्चर काढत.”
“रक्त दिलंस?”
“देणार.”
“तुझं ‘देणार’ मी फर्स्ट इयरपासून ऐकतेय.”

६ फेब्रु.
रक्त द्यायला निघालो. स्टँडवर लासलगावची गाडी उभी होती. बसलो. का, ते माहीत नाही. माझं नेहमीचंच.
मार्केटात लाल कांद्याचे लिलाव. ट्रॅक्टरच्या रांगा. एक व्यापारी ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालायचा, आतला कांदा काढायचा, दाबायचा, की पुढे. तोंडाने भलत्याच माणसाशी गप्पा. कांद्याकडे धड बघतही नव्हता.
एक शेतकरी मला म्हणाला, “पाव्हणं, घ्यायचा हाय का नुसतं बघताय?”
“बघतोय.”
“वरून बघून काय कळतंय? हात घाला की आत.”
बाकीचे हसले. मीपण हसलो. माझा हात तेव्हा कानामागेच होता.

७ फेब्रु.
रात्र लासलगाव स्टेशनात काढून सकाळी घरी. अण्णांनी दार उघडलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. दरवेळी फिरवतात. मनालीहून आलो तेव्हा, हंपीहून आलो तेव्हा. माझ्यावर रागावत नाहीत, फक्त हात फिरवतात. मी परत येतो ते खरं सांगायचं तर त्यासाठीच.
कपाळ, टाळू, उजवा कान, डावा कान, मान.
आज उंबऱ्यातच कळलं की हा क्रम आहे. दरवेळी हाच क्रम.
“अण्णा, तुम्ही शोधत होता?”
त्यांनी माझ्यामागे दाराची कडी लावली. मग, “हो.”
“आणि आईच्या वेळी पाठ थोपटलीत ती?”
“चारचौघांत तुझं डोकं उघडं पडायला नको होतं. न्हाव्याच्या हाताला सगळं कळतं.”
“मी जगभर सांगत फिरलो, माझे वडील कोणाला घाबरले नाहीत म्हणून.”
“तू सांगत होतास. मी कधी म्हणालो?”
खरंय. कधीच म्हणाले नाहीत. सतरा वर्षं काकाच्या शिव्या खाल्ल्या, पण म्हणाले नाहीत.
दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलो. मी ज्याच्या जोरावर उंडारलो ती एक टोपी होती नुसती. आणि ती मायासुद्धा…
नको. लिहीत नाही.

९ फेब्रु.
अण्णा जेवताना: “हात फिरवताना काही लागलं नाही की मला दोन दिवस झोप चांगली लागायची.” एवढंच. मग आमटी वाढून घेतली.
मी म्हणालो, मी रक्त देतो, तुम्ही डोकं करा.
“आधी तू.”
“तुम्ही.”
शेवटी आधी मीच.

११ फेब्रु.
दिलं. मॅडमना कानामागचं दाखवलं. दाबून बघितलं. “केसतोड असेल. गाठही असेल. आत्ता नाही सांगता येणार.” रिपोर्टला महिना.
सा.ला मेसेज केला. तिने अंगठा पाठवला. मग थोड्या वेळाने, “जेवलास का?”

१८ फेब्रु.
दवाखान्यात मशीन मारून देतात, पण अण्णांनी रामकुंडावरच्या दत्तूमामाला घरी बोलावलं. आजोबांच्या दहाव्याचा न्हावी तोच. आता थकलाय, पण हात स्थिर आहे.
“सतरा वर्सं झाली अण्णा. तुमचं एवढं एक गिऱ्हाईक राह्यलं व्हतं बघा.”
अण्णांनी टोपी काढली. दत्तूमामा बघतच राहिला. वस्तरा पेटीतून काढलाच नाही. कात्री घेतली, मग बारीक मशीन. डाव्या हाताची बोटं गाठींच्या मधून पुढे, मागून कात्री. “लय नाजूक काम हाय. कोनी बोलू नका.” दीड तास लागला. थेंबभर रक्त आलं नाही.
झाल्यावर पेटी बंद करता करता म्हणाला, “यापायी नाय म्हनला व्हता? आवो, मी अशी किती डोकी बघितली. कोनाला बोललो असतो का मी?”
अण्णांनी मान खाली घातली ती वर केली नाही. मी दत्तूमामाला जिन्यापर्यंत सोडायला गेलो. त्याने माझ्या केसांकडे पाहिलं. मी दोन पायऱ्या मागेच थांबलो.

१९ फेब्रु.
वॉर्ड. थोड्या वेळात आत नेतील. टोपी माझ्या खिशात आहे. अण्णा उघड्या डोक्याने बसलेत, शेजारच्या खाटेपाशी बसलेली म्हातारी खुशाल बघतेय, आणि यांना पर्वा नाही. किंवा पर्वा करून दमलेत.
त्यांच्या पायातले मोजे काढायला वाकलो होतो. डोक्यावर हात आला. मी हललो नाही.
कपाळ. टाळू. डावा कान. मान.
उजवीकडे आलाच नाही.
मी मान थोडी वळवली, जागा बोटांखाली येईल अशी. अण्णांनी हात काढून घेतला.
“जा, चहा पिऊन ये,” म्हणाले. “मी आहे इथेच.”