कोपऱ्यातलं गिऱ्हाईक

३ नोव्हेंबर
आले एकदाची कोपनहेगनला! बॅगा खोलीत टाकल्या आणि आधी स्टेशनामागच्या गल्लीतला माझा नवा बार बघून आले. तळघरात आहे. पांढऱ्या भिंती, प्रत्येक टेबलावर मेणबत्ती, दिसायला साध्या पण महागड्या खुर्च्या. स्वेनबोर्गच्या बंदरावर मी वीस वर्षं खलाशांना बिअर पाजली. तिथे खुर्ची किती भक्कम आहे हे ती कोणाच्या डोक्यात बसली तरच कळायचं. मालकीण बोडिल सत्तरीची, ताठ कण्याची. तिने राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासा घालून पुढे ठेवला, स्नॅप्सचा, म्हणजे इथल्या कडक दारूचा, प्याला सरकवला आणि म्हणाली, "पन्नाशीची आहेस ते चालेल पोरी, पण गिऱ्हाइकांसमोर दमलेली दिसू नकोस."
मी हसले. दमलेलीच तर आहे.

९ नोव्हेंबर
काम सवयीचंच आहे. दुपारीच अंधार पडतो आणि मग सगळं शहर पायऱ्या उतरून आत येतं. सुंदर कोट, सुंदर दाढ्या, आणि दुसऱ्या ग्लासानंतर तीच जुनी रडगाणी. सोबतीला आस्गर आहे. बायकोपासून वेगळा झालाय. मुलगी काया एक आठवडा त्याच्याकडे, एक आठवडा आईकडे. ती नसते तेव्हा तो ग्लास पुसता पुसता डोळेही पुसतो.
धाकट्या भावाचा, एबेचा, रोज फोन येतो. आई वृद्धाश्रमात आहे. मी समोर असले की ओळखत नाही, नसले की दिवसभर मला हाका मारते. एबे म्हणतो, तू सुटलीस.
मागच्या कोपऱ्यात राखाडी कोटातला एक माणूस बसतो. काही मागवत नाही. बोडिलने बजावलंय, त्याला काही विचारायचं नाही, उठवायचं नाही. तो फक्त ऐकायला येतो म्हणे.

१७ नोव्हेंबर
कायाला आईकडे सोडून आस्गर कामावर आला तो थेट कोपऱ्यात, त्या माणसासमोर जाऊन बसला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. माणूस नुसता पुढे झुकला होता. आस्गर उठला तेव्हा त्याचे खांदे सरळ झाले होते. उरलेला वेळ शीळ घालत होता. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

२१ नोव्हेंबर
आज काया आली, आईचा हात धरून. पडलेला दात बाबाला दाखवायचा होता. आस्गर गोड हसून वाकला. "इथे लहान मुलांना बसता येत नाही गं बाळ. कोणाला शोधतेयस?"
तिला आधी गंमत वाटली, खिदळली. मग खिदळणं थांबलं.
तिची आई त्याच्यावर ओरडत होती. आस्गरने मला हळूच विचारलं, या बाई कोण?
मूठ घट्ट मिटून पोर पायऱ्या चढून गेली.

२२ नोव्हेंबर
बोडिलला जाब विचारला. ती शांतपणे लिंबं चिरत राहिली. म्हणाली, दुखणं काढायचं तर ज्याच्यामुळे दुखतं तेही निघतं. माझाही नवरा असाच गेला. मी विचारलं, वाईट नाही वाटत? "कशाचं वाटणार? मला नवरा होता, हे लोकच सांगतात."
नोकरी सोडायला हवी. उद्याच. आज पाय फार ठणकताहेत.

२९ नोव्हेंबर
सोडली नाही. नवी कुठे शोधू, या वयात.
त्या माणसासमोर बसले. फक्त पायांचं सांगितलं. बाकी काही नाही. त्याचा चेहरा आता आठवत नाही. पाय दुखायचे थांबले.
संध्याकाळी आस्गर ओरडला. माझ्या बुटातून काच आत घुसली होती, स्वयंपाकघरापर्यंत रक्ताचे ठसे. मला काहीच कळलं नव्हतं.

४ डिसेंबर
आई पडली. एबे फोनवर रडला — ये, मेरेते, ती तुझंच नाव घेतेय. गाडी होती. गेले नाही. किती वर्षं हेच — त्या हाका, तो फोन —
कोपऱ्यात गेले. थोडंसंच सांगणार होते —

५ डिसेंबर
छान झोप लागली. कोणा एबेचा फोन होता. चुकीचा नंबर लागलाय, असं नीट समजावून सांगितलं.
मागची पानं वाचली. अक्षर माझंच. आईचा चेहरा डोळ्यांसमोर आणायला बघतेय —
पांढरी भिंत.
घाबरायला हवं. घाबरताही येत नाही.

७ डिसेंबर
एक माणूस आलाय. भिजलेला कोट, सुजलेले डोळे. म्हणतो, मी तुझा भाऊ. आई गेली. माझे हात धरून म्हणाला, "तू तरी असं करू नकोस गं. एकटा किती ओढू?"
दया आली. परक्याची येते तशी. कॉफी दिली. माझा हात आपोआपच कोपऱ्याकडे गेला.
"तिथे बसा. बरं वाटेल."
बसा म्हणाले मी. त्याचा चेहराच पडला. आणि गेला. बसला.

काउंटरवर लिहितेय. तो बोलतोय. राखाडी कोट झुकलाय. आईबद्दल सांगत असेल —
नाही. माझ्याकडे बोट करतोय.
माझं नाव घेतोय.

एबे — आठवलं — बंदरावर बर्फ होता, त्याच्या बुटात पाणी शिरलं, मी त्याला पाठीवर घेऊन घरापर्यंत — माझ्या कानात गात होता — माझा एबे —
हाक मारली. त्याने वळून बघितलं नाही.

उठला. खांदे सरळ.
इकडेच येतोय. हसतोय. बघतोय माझ्याकडे, बघतोय —
म्हणतो, बाई, जरा सांगता का, बाहेर जायला —