जनरेटर कुणासाठी

१९ मे १९८७, मंगळवार

लाइन आज दुपारी आली. परवाच्या वादळात बेस्याच्या रस्त्यावरचा विजेचा खांब आडवा झाला होता. पंखा फिरला, मी खूश, आणि तेवढ्यात सुजूची पेटी उघडी दिसली. आत घड्या करून साड्या. विचारलं, कुठं निघाली? पोरगी माझ्याकडे पाहतच राहिली. मग माझ्यासमोर तोंड आणून म्हणाली, "पुण्याले नाही का आई. नर्सिंगले. परवा तं सांगितलं सगळ्यांले. तू तिथंच होती ना."

होते. ओसरीवर, सगळ्यांच्या मधोमध, अंधारात. क्षयाच्या इंजेक्शनांनी माझी छाती वाचली आणि कान गेले, हे या घरात कुणाला नवीन आहे का? उजेड असला तर ओठ वाचते. नाही जमलं तर माझ्या शाळेतली पाटी आहे, तिच्यावर लिहून दाखवतात. अंधारात दोन्ही बाद. एकुलत्या एका पोरीचं पुण्याला जायचं ठरलं, तिच्या बापाने हो म्हटलं, आजोबांनी हो म्हटलं, आणि मी तिथंच बसून आंबा चोखत होते.

२० मे

हे रात्री नीट जेवले नाहीत. पाटीवर लिहिलं, "चुकलं." मी पुसून टाकलं.

राग आहे का रडू येतंय, मलाच कळत नाही. सुजू गेली पाहिजे हे तर मीच म्हणत होते.

२२ मे

यांनी आज ऑफिसातून येताच जाहीर केलं, जनरेटर घ्यायचा. आता पावसाळाभर वादळं, लाइन अशीच जाणार. सुजू जुलैत जाणार. तोवर घरातला एकही शब्द कुसुमचा चुकायला नको. तोंड अगदी प्रतिज्ञा केल्यासारखं. मला आधी हसू आलं, मग भरून आलं.

जनरेटर म्हणजे लग्नात मांडवामागे धूर सोडतो तोच ना? तो घरात?

२४ मे, रविवार

कुहीहून वसंता आला, माझा धाकटा भाऊ. जयभीम करून टेकला नाही तोच सुरू. "ताई, डिझेलचंच घे. आमच्या इकडं राइस मिलले तेच आहे. मरत नाही गा ते." त्याला म्हणे सिमेंटचा ओटा लागतो, हँडल मारावं लागतं, गार ठेवायला पाणी लागतं. यांना छोटा पाहिजे, पेट्रोलवर सुरू होऊन मग केरोसीनवर चालणारा. केरोसीन कुठून आणणार? रेशनचं स्टोव्हलाच पुरत नाही. विचारलं तर दोघं एकाच वेळी उत्तर द्यायला लागले. मान इकडून तिकडे करून दुखून आली.

बाबाही मध्येच काही बोलले. या माझ्या सासऱ्यांचं तर माझे कान गेल्यापासून एक अक्षर मला वाचता आलेलं नाही. मिशी ओठांवर पडदा टाकून, आत तंबाखू-सुपारीचा खर्रा. ओसरीवरच्या अंधारात सगळ्यात जास्त तेच बोलतात म्हणे. सगळे हसून हसून लोळतात.

२६ मे

महाल भागातल्या जनरेटरच्या दुकानात गेलो. दुकानदार यांना मशीन दाखवत होता, मी त्याचे ओठ पाहत होते. हे सारखे "आवाज किती?" विचारत होते. शेवटी तो म्हणाला, "साहेब, बाईंच्या खिडकीखाली ठेवा ना. त्यांले काय फरक पडते?" बरोबर माझ्याकडे तोंड करून म्हणाला, म्हणून व्यवस्थित वाचता आलं.

मग चालवून दाखवला. फरशीतून, चपलेतून, पोटऱ्यांतून तो थरथराट थेट दाढांत शिरला. बाकीच्यांना आवाज कानात येतो, त्यांना निदान कापूस कोंबता येतो. मी तसं बोलले. फार मोठ्याने बोलले असणार, कारण दुकानातले सगळे वळले आणि यांनी तळहात खाली दाबून खूण केली, हळू. दुकानदाराने खुर्ची आणून दिली. खुर्चीही थरथरत होती.

काही न घेता परत. दोन बसा बदलून धुळीने माखलो. घेणार का नाही, यांनाही ठाऊक नाही.

३० मे, शनिवार

मशीन आलं! वापरून पाहा, मग सांगा, या बोलीवर. केरोसीनवालं. ओसरीच्या कडेला ठेवलं. दोरी ओढून सुरू करायचं. हे ओढून ओढून घामाघूम. सुजूने पदर खोचून एक हिसका दिला, आणि दिवा लागला. सगळ्यांचे हात कानांवर.

आणि मग ते ओरडायला लागले. अहाहा. एकेक तोंड एवढं उघडलेलं, एकेक शब्द फळ्यावर लिहिल्यासारखा. "आई, दिसून राहिलं का?" "पंखा लाव!" "काहून?" शेजारचा पोरगासुद्धा कुंपणापलीकडून काय म्हणतोय ते कळलं. कित्येक दिवसांत मी इतकी हसले नव्हते.

पण थोड्या वेळाने ध्यानात आलं. पाणी दे. काय? नंतर सांगतो. बंद कर. याच्यापलीकडे कुणी काही बोलतच नव्हतं. ओरडून कोण गोष्ट सांगणार? बाबा खाट उचलून कडुनिंबाखाली गेले. सुजू कानात कापूस घालून आतल्या खोलीत. हे केरोसीनचा डबा आणायला. भरपूर उजेड, आणि ओसरीवर मी एकटी.

१ जून

यांनी पाटीवर प्लॉटचा नकाशा काढला. मशीन पार मागच्या कोपऱ्यात, तिथून वायर. पण पावसात भिजेल. शेड करू. चोरीला गेलं तर? साखळी लावू. मग सुरू करायला वादळात कोण जाणार? नकाशा पुसला. पुन्हा काढला.

उजेड आणला तर बोलणं पळतं, बोलणं ठेवलं तर उजेड नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि हा सगळा खटाटोप माझ्यासाठी, त्यामुळे नको म्हणायचीही चोरी.

दुपारी सुजूला विचारलं, अंधारात तुम्ही बोलता तरी काय गं? विचार करून म्हणाली, "काही खास नाही वं आई." मला तेच तर पाहिजे. खास ते पाटीवर लिहून मिळतंच.

मग डोळे खाली घालून अजून काही म्हणाली. हनुवटी धरून तोंड वर केलं तेव्हा कळलं. "अंधार होता म्हणून बोलता आलं. उजेडात तुझ्या तोंडाकडं पाहून नसतं सांगता आलं."

आता यावर काय करू? दिवसभर तेच डोक्यात. आमटीत मीठ दोनदा पडलं.

३ जून, बुधवार

दुकानदाराचा माणूस उद्या येणार. ठेवायचं का परत न्यायचं, उत्तर द्यायचंय. हे म्हणतात ठेवू. सुजू म्हणते तुम्ही पाहा. वसंताचा निरोप, अजूनही डिझेलचा विचार करा.

संध्याकाळी पश्चिमेकडून धुळीचा लोट उठला. पत्रे थरथरले, ते पायांना कळलं. लाइन गेली. हे मशीनच्या दोरीकडे धावले. वीज चमकली तेव्हा दिसलं, बाबांनी त्यांचा हात धरून ठेवला होता.

मग टॉर्च लागला. बाबा उठून खर्रा थुंकून आले, चूळ भरली, माझ्यासमोर पाट ओढून बसले. टॉर्च हनुवटीखाली. भुतासारखं तोंड, सुजू पोट धरून हसत होती. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी त्यांनी मिशी वर उचलून धरली. त्यांचे ओठ इतक्या वर्षांत मी नीट पाहिलेच नव्हते. सुजूसारखेच आहेत. पातळ.

अगदी सावकाश बोलले. "कुसुम, मशीन ठेवाचं का वापस कराचं, आमी सगळे बोलून राहिलो. तुले कोनी इचारलं का?"

मी मान हलवली. नाही.

"मंग सांग वं. तुले काय पायजे?"

आणि टॉर्च माझ्या हातात दिला. मी तो स्वतःवर धरल्याबरोबर समोरची सगळी तोंडं गेली. सुजूचा हात तेवढा माझ्या गुडघ्यावर होता. थांबा, म्हटलं, आणि टॉर्च घेऊन आत आले. त्याच्याच उजेडात लिहितेय. बाहेर ते बोलताहेत का माझी वाट पाहत गप्प बसलेत, इथून कळायला मार्ग नाही.

मशीनचं अजूनही कळत नाही. सेल उतरत चाललेत, उजेड पिवळा पडलाय. तो विझायच्या आत बाहेर जाते, टॉर्च सुजूच्या हातात देते, आणि तिला म्हणते, पुण्याचं सांग. पहिल्यापासून सांग.