पिवळं ग्रीस, काळं वंगण

२६ डिसेंबर १९६१, मंगळवार

पिकअपचं चाक ओरडतंय! ईरण्णा भाऊजी म्हणतात, वैनी, तुमचे कान लई तिखट. कान कशाला तिखट पाहिजेत, अख्ख्या माकणीला ऐकू येतंय. गाडी वेशीत शिरली की घर्र घर्र, जात्यात खडे भरडल्यासारखं. आज त्यांनी पुढचं डावं चाक जॅकवर उचलून हलवून दाखवलं. चाक खुळखुळतंय. आतलं बेरिंग झिजलंय म्हणाले. असंच चालवत राहिलं तर एक दिवस चाक आपल्या वाटेनं आणि गाडी आपल्या वाटेनं.

हे सगळं हसत सांगितलं आणि मग एकदम जॅक उतरवायला लागले. मीही भाकरी थापायला आत गेले.

२७ डिसेंबर

भाऊजी सोलापूरला जाऊन आले. नवं बेरिंग नाही. विलायती माल येतच नाही म्हणे, आणि लपूनछपून देणाऱ्यानं जी किंमत सांगितली तीत एक चांगला खोंड येईल. येताना उमरग्याच्या गुंडाप्पा मिस्त्रीकडं थांबले. तो म्हणाला, तुमच्याच दारात तसलीच दुसरी गाडी सडायलीय की, तिचं काढा, फुकटात काम होईल.

भाऊजींनी हे सांगताना माझ्याकडं बघितलं नाही. मी म्हटलं, काढा. लोखंडाला काय सोयर आणि काय सुतक!

म्हटलं खरं. पण चुलीपुढं बसल्यावर भाकरी तव्यावरच करपली.

२८ डिसेंबर

ती गाडी ह्यांची. ह्यांनी आणि भाऊजींनी लष्कराच्या लिलावातून जुळ्या पिकअप आणल्या होत्या. गाव बघायला लोटलं होतं. मामंजी तर मिशांवर ताव देत दोन्ही गाड्यांच्या मधोमध बाज टाकून बसले होते!

मग १९५९ची ती येळवस, शेतात पूजा घालायची मार्गशीर्षातली अवस, झाली आणि तिसऱ्या दिवशी हे शेंगांची पोती घेऊन सोलापूरला निघाले. नळदुर्गच्या अलीकडं उतारावर गाडी नाल्यात गेली. पुढचं उजवं चाक लांब जाऊन पडलं होतं. आपटून निखळलं, म्हणाले सगळे. मामंजी मागून दुसऱ्याच्या ट्रकमध्ये येत होते, तेच पहिले पोचले. गाडीतली बाटली त्यांनीच काढून चार माणसांना दाखवली. "माझा महारुद्र पिऊन मेला," असं स्वतःच्या तोंडानं म्हणाले.

आमच्या घरात दारू! गळ्यात लिंग असलेल्या माणसानं! मला लग्नानंतर एकदाही ह्यांच्या तोंडाला वास आला नव्हता. पण बापच म्हणतोय म्हटल्यावर बायकोचं कोण ऐकतं? ह्यांना आमच्याच शेतात पुरलं. पण वर दगडांचा कट्टा नाही. आज्याला कट्टा आहे, चुलत सासऱ्यांना आहे, ह्यांच्यावर नुसता मातीचा ढिगारा. मामंजी म्हणाले, पिणाऱ्याला कट्टा न्हाय. दर पावसाळ्यात ढिगारा थोडा खचतो, मी पाटीनं माती टाकते. ह्या घरात मला दुसरं काही नको. एवढा एक कट्टा हवा.

२९ डिसेंबर

बाई गं! एवढा संताप?

भाऊजींनी जेवताना फक्त विचारलं, बाबा, त्या गाडीचं बेरिंग काढू का. मामंजींनी ताट सरकवलं. "त्या गाडीला हात लावायचा न्हाय!" आत्याबाई म्हणाल्या, अहो, ह्या पोराच्या जिवाचा प्रश्न आहे, एक गेला, आता हाही घालवायचा का? तर म्हणे चालती गाडीही विका, बैलं आहेत घरात, ती बास. आणि काठी घेऊन तरातरा शेताकडं.

मागं ह्यांच्या गाडीसाठी भंगारवाला आला होता तेव्हाही असंच. नाही विकली. ठेवलीही नाही धड. गोठ्यामागं कडब्याखाली झाकून टाकलीय. मला वाटायचं लेकाची आठवण म्हणून.

३१ डिसेंबर, रविवार

मामंजी मुरूमच्या बाजाराला गेले आणि आम्ही चोरासारखं गोठ्यामागं. भाऊजींनी कडबा बाजूला केला. मी कंदिलातलं रॉकेल एका परातीत ओतून आणलं, बेरिंग धुवायला.

उजवं चाक तर तेव्हाच गेलेलं. डाव्याची टोपी भाऊजींनी ठोकून काढली. आतली नट हलेना. पाना लावून लोंबकळले तरी हलेना. म्हणाले, वैनी, ही अशी आवळत नसतात. आवळायची आणि मग जरा मागं सोडायची, चाक मोकळं फिरलं पाहिजे. दादाला हे ठावं होतं, त्यानंच मला शिकवलंय. शेवटी छिन्नी लावून फोडली. बाहेरचं छोटं बेरिंग हातात आलं. जळून निळं पडलेलं, आणि त्याला काळंमिट्ट काहीतरी चिकटलेलं.

भाऊजी म्हणाले, ग्रीस जळलंय.

मी बोटावर घेतलं. वास घेतला. एरंडेल! एरंडेल आणि कडब्याची राख! बैलगाडीच्या आसाला घालतात ते वंगण! लग्न होऊन आल्यापासून दर येळवशीच्या आधी मी तो एरंडेलाचा डबा भरून ओसरीवर ठेवते, मला तो वास कळणार नाही?

भाऊजींनी आतलं मोठं बेरिंग काढलं. त्याला स्वच्छ पिवळं ग्रीस, ह्यांनी स्वतः भरलेलं, जसंच्या तसं. आत पिवळं, बाहेर काळं. म्हणजे ह्यांच्या नकळत कुणीतरी टोपी काढली, हाताला लागलं तेवढं वंगण कोंबलं आणि चाक सैल वाटलं म्हणून नट जीव खाऊन आवळली. डाव्याला केलं तसं उजव्यालाही केलं असणार. आणि उजवं तापून, जळून उतारावर...

ह्या घरात चाकाला वंगण कोण घालतं हे विचारायची गरज नाही. येळवशीला शेतात जायच्या आधी घरातलं एकही चाक कोरडं ठेवायचं नाही, ही मामंजींची रीत. दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. छकडा, गाडी, मोटेचं चाक, सगळं. त्या वर्षी भाऊजींची पिकअप हैदराबादला गेली होती. दारात ह्यांची एकटी होती.

भाऊजी मातीत बसले आणि लहान लेकरासारखे रडायला लागले. दादा पिलेला नव्हता, दादा पिलेला नव्हता, एवढंच. मला रडू आलं नाही. मी ते बोट पुन्हा पुन्हा हुंगत होते.

१ जानेवारी १९६२

आतलं मोठं बेरिंग रॉकेलनं धुतल्यावर चकचकीत निघालं. गोल फिरवलं तर लोण्यासारखं. आणि भाऊजींच्या चाकातलं तेच झिजलेलं होतं. गुंडाप्पानं बसवून दिलं, नवं ग्रीस तळहातावर घेऊन भरलं. आवाज पार बंद! खर्च काय, तर ग्रीसचा डबा आणि गुंडाप्पाला चहा.

ह्यांचं बेरिंग भावाच्या गाडीत फिरतंय. मला बरं वाटलं. लई बरं वाटलं.

२ जानेवारी

भाऊजी पाया पडायला लागले. बाबांना सांगू नका वैनी, त्यांनी तर भल्यासाठीच केलं, कळलं तर म्हातारा जागच्या जागी जाईल. आणि माझा माणूस? तो दारुडा म्हणून मातीत पडलाय त्याचं काय? असं म्हणाले मी. जोरात म्हणाले. मग ओसरीवर मामंजी खोकले, तसे भाऊजी उठून गोठ्याकडं गेले.

३ जानेवारी

म्हाताऱ्याची कीव येते. आताशा अर्धी भाकरी ताटातच राहते. नाही सांगायचं. ज्या हातानं लेकाचं चाक जपायला गेले त्याच हातानं... नाही, मला नाही जमायचं सांगायला.

पण मग कट्टा?

५ जानेवारी, शुक्रवार

उद्या येळवस. घरभर भज्जीची तयारी, आत्याबाई बाजरीचे उंडे वळतायत, आंबील आंबायला ठेवली. मी नेहमीसारखा एरंडेलाचा डबा ओसरीवर ठेवला.

मामंजींनी छकड्याची चाकं केली. मोठ्या गाडीची केली. मोटेचं चाक केलं. पिकअप मधेच उभी होती. तिला वळसा घालून गेले. अंग चोरून, जसा काही विटाळ होईल.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मागच्या येळवशीलाही असंच! तेव्हाही पिकअप दारात होती आणि तेव्हाही मामंजी तिच्याजवळ फिरकले नव्हते. तेव्हा मला वाटलं होतं दुःखानं.

मी दारातूनच म्हटलं, मामंजी, पिकअपचं राहिलं. एकही चाक कोरडं ठेवायचं नाही ना?

"तिला नगं," म्हणाले.

का म्हणून विचारलं. धोतराला हात पुसत राहिले. पुसायला काही उरलं नव्हतं तरी पुसत राहिले.

म्हणजे मामंजींना ठाऊक आहे! आम्हाला आत्ता कळलं, त्यांना कधीपासून? त्या उतारावर चाक बघितलं तेव्हापासून? मग दोन वर्षं काय बघत होते? मी ढिगाऱ्यावर माती टाकताना बांधावर बसून काय बघत होते? माझ्या कीवेला आग लागो!

६ जानेवारी, येळवस

शेतात कडब्याच्या कोपीपुढं पूजा झाली. मामंजींसाठी ताट वाढून मी पुढं गेले. बाकीचे लांब होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"उद्यापासनं कट्ट्याचं काम धरू, शारदा."

मी ताट खाली ठेवलं नाही.

"त्यो पिलेला नव्हता. बाटली म्या ठेवली."

भरलं ताट आणि आंबिलीचा तांब्या घेऊन मी तशीच वळले. ह्यांच्या ढिगाऱ्यावर नेऊन ठेवलं. मामंजी आज जेवले नाहीत. मी वाढलं नाही.