सरकत्या भिंतीवर विश्वास ठेवू नये

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे सध्या फक्त कागदावर). तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का, की अजूनही खोकला आणि मत दोन्ही एकदमच बाहेर पडतात? मी ठीक आहे, म्हणजे या घराने मला अजून काही केलेलं नाही.

तू सोपवलेल्या कामगिरीचा वृत्तान्त देतो. तुझी लेक वास्तुविशारद झाली, तरुण नोकरदारांसाठी तिने सरकत्या भिंतींच्या घरांची इमारत आखली, आणि तिथे राहू इच्छिणाऱ्यांच्या सभेने ती नाकारली तर मुकाट्याने भाऊजींच्या बांधकाम कचेरीत येऊन बसेन असा शब्द तिने तुम्हाला दिला. त्यावर तू मला म्हणालीस, नमुन्याच्या खोलीत आठवडाभर राहा, खोट काढ, आणि सभेत असं बोल की या घरांचं पुन्हा कुणी नाव काढू नये. पोरीला मात्र वाटलं, मामा मदतीला आला. स्टेशनवर माझी बॅग तिने स्वतः उचलली. इतक्या गोड वागणाऱ्या माणसांपासून मी नेहमीच जपून असतो.

खोलीत शिरलो तर पलंग नाही! तो भिंतीत असतो म्हणे, ओढून काढायचा. जे घर स्वतःचं सामान लपवतं ते आणखी काय काय लपवत असेल? दार एका पाडलेल्या शाळेच्या बाकांच्या लाकडाचं. त्यावर ‘मास्तर झोपले’ असं कोरलेलं आहे (संपूर्ण घरात एवढं एकच विधान मला विश्वासार्ह वाटलं). बेसिनचं पाणी गाळून संडासाच्या टाकीत जातं. कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी व्यासपीठावरून आयुष्यभर ओरडत आलो. इथे ते नेमकं कुठे मुरतं याचा नकाशाच भिंतीवर टांगलाय. पकडलं जाण्याआधी कबुली देणारा आरोपी फार पोचलेला असतो, ताई. एसी नाही, तरी गार वारा येतो. मी खुर्चीवर चढून शोध घेतला, तर छताशी समोरासमोर दोन झडपा. “मामा, वारा फुकट असतो,” भाची म्हणाली. फुकट मिळणाऱ्या गोष्टींवरची माझी भाषणं तू ऐकली आहेस (निदान ती चालू असताना समोर बसली आहेस), तेव्हा माझी झोप का उडाली ते तुला कळेल.

दिवा तर थेट हेर. माणूस हलला की लागतो, थोडा वेळ कुणी हललं नाही की विझतो. आता माझा विराम तुला ठाऊक आहे. प्रश्न विचारायचा, हात उंच धरायचा, आणि पुतळ्यासारखं थांबायचं. कारखान्यांच्या फाटकांवर त्या विरामाने मी माणसं पेटवली आहेत. इथे पहिल्याच संध्याकाळी सराव करताना विराम घेतला, आणि खोलीत काळोख. वीज वाचते म्हणे. वीज वाचते की वक्ता मरतो, याचा हिशोब कोणी ठेवायचा?

पण खरा कट भिंतीचा. माझी आणि शेजारची खोली यांच्यात जी भिंत आहे ती छतातल्या रुळाला टांगलेली, खाली चाकं, चाकांना ब्रेक. पाहुणे आले की शेजाऱ्याला विचारायचं, भिंत त्याच्याकडे थोडी सरकवायची, पाहुणे गेले की परत. शेजारी माझ्यासारखाच राहून बघायला आलेला एक तरुण, दिवसभर कानाला हेडफोन लावून कुठल्याशा कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकतो. दिसायला साधा. मी उभं आयुष्य दुसऱ्याची जागा बळकावणाऱ्यांविरुद्ध बोललो; मला कोण फसवणार? मी भिंतीच्या बुडाशी खडूची रेघ मारून ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर रेघ एकीकडे, भिंत दुसरीकडे! मी तसाच उठलो आणि त्याचं दार ठोठावलं. (रागाच्या भरात भिंत कुठल्या दिशेला सरकली आहे ते पाहायचं राहिलं.)

दार अर्धंच उघडलं, कारण मागे खुर्ची अडली होती. हेडफोनवाला टेबल आणि पलंग यांच्या फटीत घडी घालून ठेवल्यासारखा बसलेला. “काका,” तो म्हणाला, “तुम्ही सराव करता ना, तेव्हा भिंतीला पाठ लावता. दर मुद्द्याला ती थोडी इकडे येते. काल तुम्ही जमीन बळकावणाऱ्यांवर घसरलात तेव्हा माझं कपाट उघडेनासं झालं.”

“मग बोलला का नाहीस?”

“ऐकत होतो. शेवट काय होतोय ते कळल्याशिवाय मध्येच कसं बोलणार?”

ताई, गेल्या कित्येक वर्षांत माझं भाषण शेवटपर्यंत कुणी ऐकलेलं नाही. साहजिकच माझा संशय दुणावला. आम्ही दोघांनी मिळून भिंत जागेवर आणली, त्याने मला ब्रेक लावायला शिकवलं, मग चहा केला. चहा मी आधी त्याला पिऊ दिला.

काल रात्री सभा झाली. खाली सगळ्यांच्या वापराची मोठी खोली आहे, तिथे. अध्यक्षीणबाई नर्स आहेत, दिवसपाळी करून थेट आलेल्या. मी तुला दिलेल्या शब्दाला जागलो. म्हटलं, भिंत ही माणसाची शेवटची खात्री! पाठ टेकली की जी पळते ती भिंत नव्हे, ती पुढारी! टाळ्या पडल्या. मग आवाज चढवून विचारलं, “अशा घरात राहायची कुणाची तयारी आहे? असेल तर हात वर करा!” आणि घेतला विराम. सभा इतकी तल्लीन की पापणी लवली नाही. तिथले दिवेही त्याच हेरांच्या जातीचे, अर्थातच गेले. मग त्या काळोखात सगळ्यांनी दिव्यासाठी हात उंचावून हलवले, लख्ख उजेड पडला, आणि अध्यक्षीणबाईंनी हात मोजायला घेतले.

मी कडाडून हरकत घेतली. “हे हात दिव्यासाठी आहेत!”

“दिवा लागला, काका,” हेडफोनवाला म्हणाला, “आम्ही हात खाली घेतलेत का?” घेतले नव्हते. एकानेही नाही.

“आणि काका,” अध्यक्षीणबाई म्हणाल्या, “तुमचाही वरच आहे.”

ठराव एकमताने मंजूर. तुझी लेक काही कचेरीत येत नाही. मी प्रयत्नांची शर्थ केली, पण जिथे दिवेच फितूर तिथे वक्ता काय करणार? भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : खोली मला शनिवारी रिकामी करायची आहे. तू पोरीला फोन करून एवढंच सांग की मामाचा तपास पुरा झालेला नाही, निदान वर्षभर तरी त्याला तिथेच राहू दे. मी विचारलं तर तिला संशय येईल. माझं पुस्तकांचं कपाट पाठव (आधी त्याला चाकं लावून घे).

आणखी ता. क. : भाऊजींना वाचून दाखवत असशील तर इथे थांब. तो दिवा किती वेळात विझतो हे मला पहिल्या संध्याकाळपासून पाठ होतं. सभेत पोर शेवटच्या रांगेमागे उभी होती, तू निकालाच्या दिवशी उभी राहायचीस तशी, अंगठ्याचं नख चावत. विराम घेण्याआधी मी एकदा तिकडे पाहिलं होतं. बाकी सगळा योगायोग समज. तसं समजणं जमत नसेल तर खुशाल संशय घे, तो आपल्या घराण्यातच आहे.